मोडीत देण्याआधी उलटून पाहा

मी पांढुर्ण्याची आहे असं सांगितलं की बेंगळुरूच्या ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे ते दगड मारतात, तेच गाव ना?" हो, तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावच्या लोकांमध्ये गोटमार होते आणि दरवर्षी टीव्हीवर दिसते. पण आमच्या घरी तो दिवस दुसऱ्याच कारणासाठी मोठा असतो. त्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल पुसून-पासून, सजवून दारोदार न्यायचा आणि बोजारा गोळा करायचा. आमच्या नंदीची झूल आई दरवर्षी स्वतःच्या हाताने शिवायची. माझ्यासाठी शिवली, दादासाठी शिवली, मग दादाच्या मुलासाठी.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला घरी गेले, तर भाच्याच्या नंदीवर बाजारातली तयार झूल. चकचकीत होती, पण कडेचा गोंद सुटत आला होता. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सुई सापडली तं दोरा सापडत नाही. दोरा सापडला तं मणी सापडत नाही. कोण शोधत बसंल? शंभर रुपयात तयार भेटते."

आमच्या आळीतल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात आईचं काहीतरी असायचंच. मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, लोकरीची फुलं, टिकल्यांची गणपतीची चौकट. ती बाई सुई सापडत नाही म्हणून झूल विकत आणते, हे मला पचेना. दुसऱ्या दिवशी मी तिचं सामान शोधायला माळ्यावर चढले. प्लॅस्टिकच्या अकरा पिशव्या निघाल्या. एकीत लोकरीचा गुंता, एकीत टिकल्या आणि बटणं एकत्र, एकीत रेशमाच्या लड्या आणि त्यांच्यामध्ये उघडी कात्री. आईचे गुडघे दुखतात. माळ्यावरची पिशवी काढायला तिला कोणाला तरी हाक मारावी लागते. हाक मारण्यापेक्षा ती शंभर रुपये देणं पसंत करत होती.

हे झालं कसं?

याचं उत्तर मला चांगलं माहीत होतं, कारण ते मीच केलं होतं.

2019 मध्ये आम्ही जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. जुन्या घरात कोनाडे होते, भिंतीतलं फडताळ होतं, आईच्या लग्नातली लोखंडी ट्रंक होती आणि आजीकडून सौंसरहून आलेले पितळेचे डबे होते. आईचं सगळं सामान त्यांत वर्षानुवर्षं बसलेलं होतं. नवीन घरात मॉड्युलर कपाटं येणार होती. मी आठ दिवसांची रजा काढून आले होते आणि मला सगळं पटापट उरकायचं होतं. आतलं सामान पिशव्यांमध्ये भरलं, डबे आणि ट्रंक अंगणात काढले, भंगारवाल्याला बोलावलं. त्याने काटा लावला. मी मोबाइलवर हिशेब केला. आकडा बरा आला, म्हणून मला बरंही वाटलं.

संध्याकाळी आईने विचारलं, "पानाचा डबा कुठी ठेवला?"

तो आजीचा पानाचा डबा. वर नक्षीचं झाकण, आत कात, चुना, सुपारी, लवंग यांच्यासाठी छोट्या वाट्या. आजीने पान खाणं सोडल्यावर त्यात मणी ठेवायला सुरुवात केली होती. आईनेही तेच केलं. त्या डब्याच्या बुडाला आजीचं माहेरचं नाव घातलेलं होतं. आजीच्या लग्नात तिचं नाव बदललं, आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही गेलं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, घराच्या कागदावर, सगळीकडे सासरचं नाव. तिचं जन्माचं नाव लिहिलेली घरातली एकच वस्तू होती, आणि ती मी किलोच्या भावाने दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावत गेले. माल रात्रीच नागपूरला गेला होता. आई मला एक शब्दही बोलली नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

प्लॅस्टिकचा प्रयोग

त्या अकरा पिशव्या पाहिल्यावर मी आधी जे आपण सगळे करतो तेच केलं. ऑनलाइन खणांचे प्लॅस्टिकचे डबे मागवले. दिसायला छान, पारदर्शक, आणि किंमतही कमी नाही. खण एवढे लहान की लोकर मावेना, एवढे उथळ की मण्यांचा डबा तिरका झाला की मणी शेजारच्या खणात. उन्हाळ्यानंतर एकाचं बिजागर तुटलं. आईने सगळं परत पिशव्यांमध्ये भरलं.

तेव्हा मला कळलं की आईची अडचण डब्यांची नव्हती, सवयीची होती. पानाच्या डब्यात मणी, ट्रंकेत कापड, बरणीत सुया, हे तिच्या हाताला न बघता माहीत होतं. आमच्या कामात एक साधा नियम असतो. जे रोज लागतं ते जवळ ठेवा, जे कधीमधी लागतं ते लांब ठेवा, आणि कुठे काय ठेवलंय हे पटकन कळू द्या. जुन्या घरात हे सगळं आपोआप जमलेलं होतं. मी कॉम्प्युटरवर नीट करते ते घरात मोडून ठेवलं होतं.

मग ठरवलं, जुनं गेलं तर जुनंच शोधायचं.

शोध

आमचा भाग या शोधासाठी तसा भाग्याचा. पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही छिंदवाड्यात होतो, आणि 1956 पर्यंत तर आमची राजधानीच नागपूर होती. राज्य बदललं तरी लग्नाची खरेदी नागपूरच्या इतवारीतलीच राहिली. शिवाय सौंसरजवळचं लोधीखेडा. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये तिथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद आहे. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांत पितळ निघतंच निघतं.

ते कुठे मिळतं? पहिली जागा म्हणजे भंगारवाला. दुसरी, आणि जास्त चांगली, भांड्यांचं दुकान. लोक मोड देऊन नवीन स्टील घेतात, ती मोड दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यात असते. दुकानदाराला मोडीपेक्षा थोडा जास्त भाव दिला की तो निवडू देतो. तिसरी जागा नातेवाइकांचे माळे. मावशीला नुसतं विचारलं, तर तिने दोन बरण्या आणि एक फणेरपेटी काढून दिली आणि वर म्हणाली, "घेऊन जाय माय, धूळ तरी कमी होईल."

सौंसरच्या एका दुकानात पोतं उपसत बसले होते, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, घ्यायचं ते आज घ्या. परवा गाडी येते. मंग हे सगळं वितळते." ते वाक्य मी विसरले नाही.

खरेदीला जाताना एक लोहचुंबक न्या. फ्रिजवर चिकटवायचा असतो तोही चालेल. पितळेला आणि तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा आहे. या एका युक्तीने माझे दोनदा पैसे वाचले.

कशात काय

आता आमच्या घरी जे जमलं ते सांगते. तुमच्याकडच्या वस्तू वेगळ्या असतील, पण अंदाज येईल.

पानाचा डबा: शेवटी एक मिळाला. आजीचा नव्हे, दुसरा. आत सहा वाट्या. मणी, मोती, टिकल्या, कुंदन यांच्यासाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही. वाटी गोल असल्याने शेवटचा मणीही बोटाने वर येतो. चौकोनी खणात तो कोपऱ्यात अडकून बसतो.

मसाल्याचा डबा: जुना स्टीलचा किंवा पितळेचा. बटणं, हूक, प्रेसबटणं. हळदीचा डाग घासून जात नसेल तर वाट्या दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

चिनी मातीची बरणी: हिंदीत हिला मर्तबान म्हणतात. तो शब्द म्यानमारमधल्या मर्तबान बंदरावरून आला, तिथून मोठ्या बरण्या जहाजांनी जायच्या. लोणच्यासाठी बरणी तडकलेली चालत नाही, आपल्याला चालते, म्हणून ती स्वस्तात मिळते. उंच बरणीत विणकामाच्या सुया, क्रोशाच्या सुया, ब्रश. बसक्या बरणीत लोकरीचा गुंडा टाकायचा आणि टोक बाहेर काढायचं. बरणी जड असते, त्यामुळे गुंडा घरभर पळत नाही. तेलाचा वास असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा, मग ऊन दाखवा.

तीन पुडांचा जेवणाचा डबा: वरच्या पुडात सुई, कात्री, इंचटेप. मधल्यात रेशमाच्या लड्या. खालच्यात चालू असलेलं काम. कडी लावली की आई तो घेऊन मैत्रिणीकडे जाते. लोकांना वाटतं जेवण आणलं.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा: यावर जगभर विनोद आहेत. मूल हौसेने बिस्किटांचा डबा उघडतं आणि आत सुईदोरा निघतो. डेन्मार्कच्या त्या निळ्या गोल डब्याचे किती मीम तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडे तोच मान डालड्याच्या पिवळ्या डब्याला होता. पत्र्याच्या झाकणाला आतून एक चुंबक चिकटवा, सुया आणि टाचण्या त्याला धरून राहतात. घरात रांगतं मूल असेल तर हे नक्की करा.

धान्याची मापं: शेर, अच्छेर, पायली. 1956 मध्ये वजन-मापांचा नवा कायदा आला आणि 1962 पर्यंत किलो-लिटर सगळीकडे सक्तीचे झाले, तेव्हापासून ही मापं रिकामी बसली आहेत. बूड जड आणि तोंड उघडं, म्हणून कात्र्या, पेन्सिली आणि ग्लू गन उभी ठेवायला उत्तम.

लोखंडी ट्रंक: कापडाचे तुकडे, लेस, जुन्या साड्यांचे काठ, गोधडीसाठी काढून ठेवलेली लुगडी. आमच्याकडे आलेल्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने कोण्या गृहस्थांचं नाव आणि स्टेशनचं नाव रंगवलेलं होतं. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली आणि तिथे मोठी लाईन आली. त्या छोट्या गाडीत अशा ट्रंका बाकाखाली सरकवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. ट्रंक आईच्या पलंगाखाली ठेवली आणि खाली चार चाकं लावली. आता ती पायाने पुढे ओढता येते.

संत्र्यांची लाकडी खोकी: ही काही जुनी कलाकुसर नव्हे, पण आमच्या भागात संत्रं आहे तर खोकी आहेत. आता बागेतून जास्त करून प्लॅस्टिकचे कॅरेट जातात, त्यामुळे लाकडी खोकी सहज मिळतात. फटींमधून हवा खेळते, म्हणून लोकरीला चांगली. फक्त आधी पॉलिशपेपर मारा, नाही तर फास लागते आणि लोकरही अडकते.

मी केलेल्या चुका

पहिली चूक. पितळेचा डबा चिंच लावून चमकवला, पण नीट वाळवला नाही आणि लगेच त्यात पांढरी लोकर भरली. महिन्याभरात बुडाला हिरवा थर आणि लोकरीला हिरवे डाग. ते डाग निघत नाहीत. पितळ धुतल्यावर उन्हात पूर्ण कोरडं करा आणि आत सुती कापडाचं किंवा जाड कागदाचं अस्तर घाला.

दुसरी चूक थोडी गंभीर होती. ट्रंकेचा जुना रंग मी बाल्कनीत कोरडाच घासायला घेतला. भाचा शेजारी खेळत होता. नंतर वाचलं की आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. घट्ट बसलेला असेल तर तसाच राहू द्या. सुटत असेल तर पाणी मारून ओलाच घासा, तोंडाला मास्क बांधा आणि मुलांना लांब ठेवा. मग रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर नवीन रंग.

हेच छापखान्याच्या खणांबद्दल. नागपूरच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून मला खिळ्यांचा लाकडी ट्रे मिळाला. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, त्यामुळे खिळ्यांसाठी भरपूर खण लागायचे. मण्यांसाठी तो ट्रे म्हणजे स्वप्नच. पण खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असायचे आणि कोपऱ्यांत त्याची धूळ असते. ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसून, वाळवून, वरून पॉलिशचा हात दिल्यावरच मी तो वापरायला घेतला, आणि तो भाच्याच्या हाताला येणार नाही इतका उंच लावला.

तिसरी चूक सगळ्यांत लहान, पण आईने ती लगेच पकडली. ट्रंकेला मी छान निळा रंग दिला आणि वरचं ते पांढरं नाव झाकून टाकलं. आई म्हणाली, "पुन्हा तेच केलं तू."

नावं

तेव्हापासून मी प्रत्येक भांडं आधी उलटून पाहते. आपल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहेच. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या प्रसंगी, कधीकधी तारीखही. लग्नाची पत्रिका फाटते, फोटो पिवळे पडतात, पितळेवरचं नाव राहतं. बायकांच्या बाबतीत तर अनेकदा तेवढंच राहतं. मी पोत्यात पाहिलेल्या भांड्यांवर मामाकडून, आत्याकडून, महिला मंडळाकडून, असं कितीतरी वाचलं. सगळं परवाच्या गाडीची वाट पाहत पडलेलं.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून अडकित्ते, दिवे, भांडी, फण्या, कुलपं अशा घरगुती वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. तिथे गेलं की आपल्या आजीच्या घरातली वस्तू काचेमागे दिसते आणि अभिमान वाटतो. पण सगळ्यांच्या आजीचा डबा काचेमागे जाऊ शकत नाही. आपल्या घरात तो टिकायचा असेल तर त्याला रोजचं काम हवं. शोभेला ठेवलेली वस्तू पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा अंगणात येते. ज्या डब्यात आईची सुई आहे तो कोणी काट्यावर ठेवत नाही.

यंदाचा पोळा

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी आईचा फोन आला. "येताना लाल रेशीम आणजो. इथलं पक्कं नसते." मी काही विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा ती खाली सतरंजीवर बसलेली. पलंगाखालून ट्रंक ओढलेली, बरणीतून लोकरीचं टोक बाहेर आलेलं, समोर पानाचा डबा उघडा. भाचा टिकल्या मोजून देत होता आणि मधूनच चुकीच्या वाटीत टाकत होता. झूल अर्धी झाली होती. मधे सूर्य, कडेने गोंडे. आईची शिलाई आता पूर्वीसारखी बारीक राहिली नाही, तिला चष्मा लागतो. पण गोंद कुठेच नव्हता.

त्या पानाच्या डब्याच्या बुडाला 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येतं. पुढचं नाव घासून घासून गेलं आहे. मी आईला म्हटलं, कोणाचं असेल? ती म्हणाली, "ज्याचं असंल त्याचं. आता आपल्याकडे नांदू दे."

पोळ्यानंतर परत निघण्याआधी मी तो डबा घेऊन भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांकडे गेले. त्यांना सांगितलं, जुनं आहे ते खोडू नका, त्याच्याखाली हे घाला. चिठ्ठीवर आईने स्वतःच्या अक्षरात आजीचं माहेरचं नाव लिहून दिलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. काकांनी अक्षरं मोजून पैसे घेतले.

दिवाळी जवळ आली आहे. तुमच्या घरीही माळे उघडले जातील, पिशव्या खाली येतील, काटा लागेल. सगळंच ठेवायला आपल्या फ्लॅटमध्ये जागा नाही हे मलाही कळतं. पण एक करा. प्रत्येक भांडं एकदा उलटून पाहा, आणि नाव दिसलं तर आईला किंवा आजीला ते मोठ्याने वाचून दाखवा. मग ठरवा.